एका वॉटचे नाना

सुरतेच्या लिंबायतमध्ये हळू बोलणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्याकडे सगळे ओरडून बोलतात. त्यात भांडण नसतं. दिवसाचे बारा तास मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस घरी येऊन बायकोकडे मीठ मागतो, तेव्हा तिसऱ्या घरातली बाई मिठाची बरणी घेऊन दारात उभी राहते. माझे वडील असेच बोलत. मी लग्न होऊन शहराबाहेर कामरेजला गेले तेव्हा सासूबाईंना पहिले सहा महिने वाटत होतं की सून चिडकी आहे. आमच्या वरच्या खोलीतले नाना वडिलांच्याच शेडमध्ये चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग पुन्हा चालू करून देणारे कारागीर. त्यांचे कान निम्मे गेले, पण आवाज चढला नाही. बोलताना ओठ जेमतेम हलत आणि समोरच्याला नाइलाजाने पुढे सरकावं लागे. कुणी म्हटलं, नाना, जरा मोठ्याने बोला, की म्हणत, "ज्याले ऐकायचं, तो जवळ येतोच."

हा माणूस हौशी रेडिओवाला होता. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढलेला, स्वतःचं बोलावणं-चिन्ह, म्हणजे रेडिओवरची ओळख, असलेला. सेटवर पाच वॉटची सोय होती, पण तिच्या बटणावर नानांनी चिकटपट्टी लावून टाकली होती. ते एका वॉटवर बोलत. एक वॉट म्हणजे हातातल्या लहान बॅटरीच्या दिव्याला लागते तेवढी ताकद. तेवढ्यावर त्यांचा आवाज लिंबायतच्या गच्चीवरून निघून दहा-पंधरा किलोमीटर जाई. सुरतेतले इतर रेडिओवाले त्यांना 'एका वॉटचे नाना' म्हणत, थोडं कौतुकाने, थोडं चेष्टेने. नानांचं म्हणणं साधं होतं. पोचत नसेल तर ताकद वाढवायची नाही, अँटेना सुधारायचा. "ताकद वाढवणं म्हंजे बिघडेल मागाले लाथ मारनं. तो चालतो, पण खोट तशीच राहते."

आम्ही त्यांच्या खालच्या खोलीत राहायचो. मी लहानपणापासून भित्री. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी, वडिलांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहणारी. बारावीत असताना एकदा मी अशीच उभी होते, तेव्हा नानांनी मला वर नेलं, कानावर हेडफोन घातले आणि म्हणाले, "आता इथं बसून घाबर. काहीतरी शिकशील तरी." मी शिकले. त्यांच्याच जुन्या वह्यांवरून परीक्षा दिली आणि मलाही परवाना मिळाला. नाना घरात बोलायचे ते अमळनेरकडचं, 'आहे'ला 'से' म्हणणारं, पण सेटचं बटण दाबलं की थेट पुस्तकातलं मराठी सुरू होई. "महोदय, आपला संदेश सुस्पष्ट मिळाला, आपले आभार." बटण सोडलं की मला, "माय, च्या ठेव जरा."

त्यांचा अँटेना त्यांनीच बनवला होता. मध्ये हातभर लांबीची एक उभी सळई आणि तिच्या बुडाशी चार सळया, छत्रीच्या काड्यांसारख्या खाली झुकलेल्या. पाण्याच्या टाकीवर लोखंडी नळी उभी करून तिच्या टोकाला तो बसवला होता. हा अँटेना चहूकडे सारखंच बोलतो आणि चहूकडून सारखंच ऐकतो. लोक त्यांना सांगायचे की नाना, एका दिशेचा अँटेना लावा, जुन्या टीव्हीसारखा, आडव्या कांड्यांचा. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड करून ठेवा, एका वॉटचे दहा वाटतील. नाना डोकं हलवायचे. "आनि मागून कोनी हाक मारली त? ज्याले गरज व्हते, तो आपल्याले विचारून दिशा नही निवडत." उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी अख्खं सुरत गच्चीवर पतंग उडवत असे. नाना तेव्हा सकाळपासून टाकीशेजारी खुर्ची टाकून बसत आणि सळयांत अडकलेला मांजा सोडवून ज्याचा पतंग त्याला परत देत.

आता रिपोर्टबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. रेडिओवर दोघे भेटले की एकमेकांचा आवाज कसा येतो ते आकड्यांत सांगायचं असतं. पहिला आकडा शब्द कळतात का त्याचा, पाचपर्यंत. दुसरा आवाजाच्या जोराचा, नऊपर्यंत. पाच-नऊ म्हणजे उत्तम. प्रत्यक्षात जो तो दुसऱ्याला पाच-नऊच देतो. लग्नाच्या पंगतीत जेवण कसं झालं विचारलं की जे उत्तर देतात तेच हे. नाना मात्र मोजून द्यायचे. एकदा एका निवृत्त साहेबांनी नवा महागडा सेट घेतला आणि कौतुकाने रिपोर्ट विचारला. नानांनी शांतपणे तीन-तीन सांगितला. साहेब महिनाभर फुगले होते. नंतर त्यांच्या केबलचा सांधाच सुटलेला निघाला, पण त्यांनी ते नानांना कधी सांगितलं नाही. मी नवी असताना सवयीने सगळ्यांना पाच-नऊ वाटत होते, तेव्हा नाना एकदाच रागावलेले मला आठवतात. "गोड सांगू नको. खरं सांग. त्या मान्साले तुझ्या कानाशिवाय कोन से?"

माझं लग्न झालं आणि मी कामरेजला गेले. पुढच्याच वर्षी नानांची पत्नी गेली. मुलगा पुण्याला नोकरीत. नाना लिंबायतच्या खोलीत एकटे राहिले. मोबाइल होता, पण त्यात त्यांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तो बहुधा बंदच असे. मग आमचं ठरलं: रोज संध्याकाळी साडेसात वाजता रेडिओवर भेटायचं. दोन मिनिटं, जास्त नाही. मी सात वीसपासून सेटपुढे बसायची. साडेसात झाले की खरखर ऐकत राहायची, आणि नानांचा आवाज यायला अर्धं मिनिट जरी उशीर झाला तरी मी सेटच्या वायरी चाचपायला लागायची. आवाज आला की दिवस संपला. रेडिओवर मी आता 'कामरेजच्या ताई' होते. शेवटी नाना न चुकता विचारत, "ताई, माझा रिपोर्ट?" त्यांच्या कानांवर त्यांचा स्वतःचा भरवसा राहिला नव्हता. त्यांचा आवाज बाहेर कसा पोचतो, हे त्यांना फक्त माझ्याकडून कळायचं.

त्या मे महिन्यात नाना अँटेना पुसायला टाकीवर चढले होते. टाकीला लोखंडी पायऱ्या आहेत, त्यातली वरून दुसरी गंजून खिळखिळी झालेली. वर गेल्यावर त्यांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले तेव्हा त्यांनी ते हसत सांगितलं. "अर्धा तास टाकीले मिठी मारून उभा व्हतो. इतकी मिठी त मी लग्नातबी नही मारली." मला हसू आलं नाही. वय बाहत्तर, घरी कोणी नाही, खाली सिमेंटची गच्ची. मी हात जोडून सांगितलं की पुन्हा चढू नका. ते म्हणाले, "अँटेना ठीक असला त कशाले चढू?" दुसऱ्या कुणाला ते चढू देत नसत. एका केबलवाल्याला त्यांनी अर्ध्या वाटेवरून खाली उतरवलं होतं. आणि मी येऊन करते म्हटलं असतं, तर मी कामरेजहून पोचायच्या आत ते टाकीवर असते. इतकं मी त्यांना ओळखत होते.

आषाढात पाऊस लागला आणि त्यांचा आवाज खाली जायला लागला. आधी मागे खरखर, मग शब्दांच्या कडा तुटायला लागल्या. सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये पाणी शिरत होतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनीच शिकवलं होतं ना. "ताई, माझा रिपोर्ट?" खरा रिपोर्ट होता चार-पाच. माझ्या डोळ्यांपुढे ती गंजलेली पायरी आली, त्यावर पावसाचं पाणी आलं, आणि मी म्हणाले, "पाच-नऊ, नाना." मनाशी म्हटलं, पावसाळ्यापुरतं. पाऊस उघडला की आपण जाऊ, गोड बोलून दुरुस्त करू.

एक खोटं सांभाळायला किती कामं करावी लागतात हे मला त्या पावसात कळलं. त्यांची केबल खराब म्हणजे माझाही आवाज त्यांना कमी येणार आणि त्यांना संशय येणार. म्हणून मी माझ्या सेटची ताकद एकावरून पाच वॉटवर नेली, मग पंचवीसवर. त्यांना सांगितलं नाही. त्यांचा आवाज आणखी बुडाला तेव्हा मी आडव्या कांड्यांचा, एका दिशेचा अँटेना आणून गच्चीवर बसवला आणि त्याचं तोंड लिंबायतकडे केलं. आता मला फक्त नाना ऐकू येत, बाकी सगळं सुरत माझ्यापुरतं गप्प झालं. श्रावणात त्यांचा खरा रिपोर्ट तीन-दोन होता. मी कान दाबून, अंदाजाने शब्द जुळवून उत्तरं देत होते आणि शेवटी पाच-नऊ सांगत होते. नाना खूश होते. "बघा ताई, एक वॉट पुरतो," असं ते शुद्ध मराठीत म्हणायचे, आणि मला रडू यायचं.

सुरतेतच कतारगामला जयंतीभाई म्हणून एक जण होते. हिरे घासण्याच्या कारखान्यात कारागीर, पंचेचाळिशीचे, नुकताच परवाना मिळालेले. नानांना ते मास्टर म्हणत. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती, पण नानांनी रेडिओवरून माप सांगून सांगून त्यांच्याकडून आपल्यासारखाच अँटेना करून घेतला होता. त्यांच्या इमारतीच्या आमच्या बाजूला उंच इमारती असल्याने त्यांचं आणि माझं थेट बोलणं होत नसे. नानांकडूनच मला त्यांची खबर मिळायची. भाद्रपदात एका संध्याकाळी नाना म्हणाले, "जयंतीभाई आज म्हणाले, मास्टर, आपका आवाज टूट रहा है, तीन-दो. मी म्हणालो, कामरेजच्या ताईंना आपल्यापेक्षा दुप्पट अंतरावर पाच-नऊ मिळतो. तेव्हा दोष तुमच्याकडचा आहे. तुमचा अँटेना उतरवून तपासा."

मी बटणावर बोट ठेवून बसले होते. त्या क्षणी सांगायचं होतं. नाना, तो माणूस बरोबर आहे, मी चूक आहे, एवढंच वाक्य. पण बाहेर पाऊस पडत होता, आणि मी सांगितलं असतं तर ते दुसऱ्या सकाळी टाकीवर असते. मी म्हणाले, "बरं, नाना."

त्या रविवारी जयंतीभाईंनी गच्चीवर चढून आपला चांगला अँटेना उतरवला, सळया घासल्या, सांधे पुन्हा डाख देऊन जोडले आणि तो परत चढवला. तरी नाना त्यांना तीन-दोनच ऐकू येत. नानांनी सांगितलं, केबल बदला. पुढच्या रविवारी त्यांनी केबल बदलली. तरीही तीन-दोन. "माणूस कष्टाळू आहे," नाना मला म्हणाले, "पण कुठेतरी चुकतो आहे. या रविवारी नळी आणखी उंच करणार आहे." तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. पोळी तव्यावर करपायची. रोज संध्याकाळी ठरवायची की आज सांगू, आणि रोज "पाच-नऊ" म्हणून सेट बंद करायची. शनिवारी तर मी वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

रविवारी साडेसातला नानांचा आवाज आला तो नेहमीसारखा शांत नव्हता. शब्द तुटत होते, पण कळायचं ते कळलं. गच्चीवर शेवाळ होतं. नळी उचलताना जयंतीभाईंचा पाय घसरला आणि ते उजव्या हातावर पडले. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. हिरा घासणाऱ्याचं उजवं मनगट. नाना इतकंच म्हणाले, "ताई, त्याचा हातच त्याचं सगळं आहे." त्या दिवशी त्यांनी रिपोर्ट विचारला नाही.

सोमवारी मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून लिंबायतला गेले. नाना खाटेवर बसून कतारगामला जायच्या तयारीत होते, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. आषाढापासूनचं सगळं, पंचवीस वॉटसकट. सांगताना मी रडत होते आणि त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मला तेच दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. खालच्या खोल्यांतही ऐकू गेलं असेल. नानांनी सेटच्या बटणावरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. मग म्हणाले, "कशाले केलं, माय?"

"तुम्ही पडाल म्हणून."

"मी नही पडलो," ते म्हणाले. मला वाटत होतं की त्यांनी रागवावं. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल."

रिक्षात मी मनात वाक्यं जुळवत होते. जयंतीभाईंच्या घरी त्यांच्या पत्नीने दार उघडलं. जयंतीभाई कोपरापर्यंत प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसले होते. नानांना बघून ते उठायला लागले. "मास्टर? आप खुद आए?" आवाजाने वर्षभर ओळखणारी ती दोन माणसं पहिल्यांदाच एकमेकांना पाहत होती. चहा आला. मी कप हातात घेतला, तोंड उघडलं, आणि माझ्या आधी नाना बोलले. पुढे सरकून, त्यांच्या त्या हळू आवाजात.

"जयंतीभाई, आपका रिपोर्ट सही था. खराबी मेरे अँटेना में थी. मुझे मालूम था. ऊपर चढ़ने का डर लगता था, इसलिए आपके ऊपर ढकल दिया."

जयंतीभाईंच्या पत्नीने नानांकडे असं पाहिलं की मी कप खाली ठेवला. जयंतीभाई म्हणाले, "आपको मालूम था?" नानांनी मान हलवली. आयुष्यभर कुणाला अर्ध्या आकड्याने खोटा रिपोर्ट न दिलेल्या माणसाने माझ्यासमोर बसून हे सांगितलं, आणि मी गप्प राहिले. हे लिहिताना सुद्धा मला माझी लाज वाटते. जयंतीभाईंनी दाराकडे हात केला, डावा. "आप जाइए, मास्टर."

जिन्यात मी नानांना म्हणाले, हे तुम्ही काय केलंत? ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. "मी म्हातारा. माझ्यावर रागावू रागावू तो थकून जाईल. तुले अजून पन्नास वर्षं ह्याच लोकांत बोलायचं से." थोड्या वेळाने म्हणाले, "तू घाबरून केलं. घाबरेल मान्साले लोक माफ नही करत. खोट्या मान्साले करतात." ते खरं की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी आणि माझे यजमान लिंबायतला गेलो. यजमानांनी टाकीवर चढून केबल बदलली, मी खालून सूचना दिल्या, आणि नाना मला न ओरडता सूचना देत राहिले. जुनी केबल कापली तेव्हा तिच्यातून चहाच्या रंगाचं पाणी गळलं. मी घरी येऊन माझा एका दिशेचा अँटेना काढला, ताकद पुन्हा एका वॉटवर आणली. त्या संध्याकाळी नानांचा आवाज स्वच्छ आला. मी खरा रिपोर्ट दिला, पाच-सात. त्यांनी तो लिहून घेतला आणि म्हणाले, "आभारी आहे, ताई. आता बरोबर आहे."

त्यानंतर रोजच्या भेटीत एक गोष्ट वाढली. माझ्याशी बोलून झालं की नाना जयंतीभाईंना हाक मारत. "कतारगाम, कतारगाम, जयंतीभाई, लिंबायत से नाना." एक मिनिट थांबत. पुन्हा हाक, पुन्हा थांबत. तिसऱ्या हाकेनंतर म्हणत, "ठीक आहे, असतील कामात," आणि सेट बंद. मी ते सगळं ऐकत असे. दिवाळी झाली, उत्तरायण झालं, होळी झाली. प्लास्टर निघालं असेल, हात चालायला लागला असेल, नसेल, काही कळत नव्हतं. मी एकदा सुचवलं की नाना, पाच वॉट करून बघा. ते म्हणाले, "ताई, हाक मोठी करून उपयोग नाही." मी स्वतःची समजूत घातली होती की जयंतीभाईंनी सेट विकून टाकला असणार, त्यांना हे काही ऐकू जात नाही. ती समजूत मला फार सोयीची होती. रोज सात पस्तीसला मला वाटायचं की उद्या कतारगामला जाऊन खरं सांगावं, आणि रोज मी भांडी घासायला उठायची.

वैशाखात नाना गेले. झोपेतच गेले, सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही तेव्हा कळलं. आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं होतं, त्यांनी उन्हाळ्याबद्दल तक्रार केली होती आणि मला पाच-आठ दिला होता.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या खोलीपुढे सतरंजीवर बसले होते. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत होता. अकराच्या सुमाराला जयंतीभाई आले. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. उजवा हात त्यांनी खिशात ठेवला होता, आणि नमस्काराला काढला तेव्हा दिसलं की मनगट पुरतं वळत नाही. ते मुलासमोर बसले आणि म्हणाले, "मास्टर बड़े आदमी थे. एक गलती हुई उनसे, मगर खुद घर आकर बोल गए. इतना कौन करता है?" मुलाला काही माहीत नव्हतं. तो नुसता मान हलवत होता.

मी म्हणाले, "वो गलती उनकी नहीं थी." आणि मग सांगितलं. या वेळी मला रडू आलं नाही. पाऊस, पायरी, खोटा रिपोर्ट, त्यांच्या घरातला चहाचा कप, सगळं सांगितलं. नानांच्या मुलानेही ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

जयंतीभाई माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "तो उनको मालूम नहीं था?"

"नहीं."

"मैं सुनता था, बेन." ते सतरंजीकडे बघत बोलत होते. "रोज. साढ़े सात के बाद सेट चालू करता था, उनकी तीनों आवाज सुनता था, फिर बंद कर देता था. आठ महिना. मन में बोलता था, बुलाओ, और बुलाओ." त्यांनी ते न वळणारं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "आखरी दिन हम लोग बाहर थे, भतीजी की सगाई में. सेट चालू नहीं किया. उस दिन भी बुलाया था क्या?"

ते माझ्याकडे बघत होते. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. एवढा एक दिवस मी त्यांना देऊ शकले असते, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. नानांचा मुलगा पाण्याचा तांब्या हातात धरून उभा होता.

"बुलाया था," मी म्हणाले. "तीन बार."

जयंतीभाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग ते तसेच बसून राहिले, आणि मीही त्यांच्या शेजारी बसून राहिले.